विकत घेतलेला सिनेमा नेमका कुणाचा?

आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत आता भिंतभर टीव्ही आहे. काही सभासदांनी तर माडीवरच्या खोलीत प्रोजेक्टर आणि पाच-सहा स्पीकर बसवून घरातच छोटे थिएटर केले आहे. त्याच घरांतून व्हीसीडी-डीव्हीडींचे खोके मात्र रद्दीवाल्याकडे गेले. सगळे सिनेमे मोबाईलवर मिळतात, मग सीडी कशाला सांभाळायच्या, असा रोकडा प्रश्न घरातली तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत घडलेल्या काही गोष्टी पाहिल्या, तर उत्तर देण्याआधी थोडे थांबावेसे वाटते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून एक कायदा लागू झाला. डिजिटल चित्रपट, पुस्तक किंवा गेम विकताना 'खरेदी करा' असे लिहायचे असेल, तर ग्राहकाला मिळतो तो फक्त परवाना आहे आणि तो काढूनही घेतला जाऊ शकतो, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे लागते. कायमची उतरवून घेता येते अशा फाईलला यातून सूट आहे. ही वेळ उगाच आली नाही. डिसेंबर 2023 मध्ये सोनी कंपनीने प्लेस्टेशनवर लोकांनी पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरी वाहिनीचे कार्यक्रम काढून टाकणार असल्याचे जाहीर केले होते. ओरड झाली, नवा करार झाला आणि तो निर्णय मागे पडला. त्याआधी 31 जुलै 2019 रोजी अल्ट्राव्हायोलेट ही डिजिटल चित्रपट जपून ठेवण्याची सेवाच बंद झाली होती. दुकानदाराने माल विकावा आणि काही वर्षांनी आपल्या माजघरात येऊन तो परत न्यावा, असा व्यवहार आपल्या बाजारपेठेत कुणी चालवून घेतला नसता.

आपल्याकडे बहुतेकांचा व्यवहार वर्गणीचा, म्हणजे मालकीचा दावासुद्धा नाही. जानेवारी 2024 मध्ये 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट तक्रारींनंतर नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. त्या वादात कुणाची बाजू खरी, हा इथला मुद्दा नाही. ज्यांनी तो 'नंतर बघू' म्हणून ठेवला होता, त्यांच्या यादीतून तो गेला, एवढे लक्षात घ्यायचे. फेब्रुवारी 2025 मध्ये जिओ सिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक झाले. ॲपचे नाव बदलते, दर बदलतो, करार संपला की सिनेमा एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो, आणि कधी कुठेच जात नाही.

हे सगळे खरे असले तरी स्ट्रीमिंगला नावे ठेवण्यात अर्थ नाही. उलट सीमाभागातल्या मराठी घरांवर त्याचे उपकारच आहेत. नवा मराठी चित्रपट आपल्या गावात लागला नाही, तर महामार्गाने चाळीस किलोमीटर कोल्हापूर गाठायचे, हा आपला जुना रिवाज. म्हातारी माणसे आणि रात्रपाळीवाले यांना तेही जमत नसे. आता घरबसल्या चित्रपट दिसतो. बंगळुरूला नोकरी करणारी मुलगी आणि निपाणीतले आजोबा एकाच आठवड्यात तोच सिनेमा पाहून फोनवर वाद घालू शकतात. एकदाच पाहायच्या शंभर सिनेमांसाठी वर्गणी स्वस्त पडते, यात शंका नाही.

होम थिएटरवाल्यांसाठी एक तांत्रिक बाब सांगायला हवी. नेटफ्लिक्स फोर-के चित्रासाठी सेकंदाला 15 मेगाबिटचा वेग सुचवते. साध्या ब्लू-रे डिस्कवर नुसत्या चित्रालाच 40 मेगाबिटपर्यंत जागा असते आणि आवाजाला वेगळी. मोठ्या पडद्यावर अंधाराची दृश्ये पाहताना हा फरक डोळ्यांना जाणवतो. अडचण अशी, की मराठी चित्रपट ब्लू-रेवर फारच थोडे आले. आपल्यासाठी 'मालकी' म्हणजे मुख्यतः डीव्हीडी, आणि त्याआधीची दोन-तीन सीडींत मावणारी व्हीसीडी. मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, तेव्हा घराघरांत मराठी सिनेमांचा साठा झाला. ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिच्या नीट ठेवलेल्या डिस्क मात्र अजून चालतात, कारण त्या चालवायला कंपनीची परवानगी लागत नाही.

आता आपल्या अगदी जवळचे. शेजारच्या कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी मूकपट काढले. 1925 चा त्यांचा 'सावकारी पाश' भारतीय चित्रपटाच्या इतिहासात मानाने नोंदला जातो, पण तो आज पाहता येत नाही, कारण त्याची प्रत उरली नाही. पेंटरांच्या बहुतेक मूकपटांची हीच गत. आणि खुद्द निपाणीवरचा एक चित्रपट आहे, जो आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला नसेल. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांनी एकत्र येऊन संघटना उभारली, त्या लढ्यावर दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर या गटाने 1982 मध्ये 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. सोळा मिलिमीटरची फिल्म, कृष्णधवल, लांबी अर्ध्या तासाच्या आतली. तंबाखूची धूळ, मजुरी, मुकादमाची वागणूक, हे सगळे त्या बायका स्वतः सांगतात. त्या पिढीतल्या बायका आपल्याच गल्लीतल्या आज्या आहेत. या चित्रपटाची डिजिटल दुरुस्ती झाली ती बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत. ज्यांनी हे काम केले त्यांचे आभारच मानायला हवेत. पण निपाणीच्या बायकांचा आवाज बर्लिनमध्ये नीट ठेवलेला आहे आणि निपाणीत त्याची प्रत कुठे आहे असे विचारले तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागते, हे चांगले लक्षण नव्हे. आज तो इंटरनेटवर पाहता येतो, म्हणून काम झाले असे समजू नये. तिथेही तो दुसऱ्याच्याच कपाटात आहे.

सगळेच विकत घेऊन ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. तेवढी जागा कुणाच्या घरात आहे? आमच्या मते प्रत्येक घराने आपल्या आवडीचे, मुला-नातवंडांना दाखवावेत असे दहा-वीस मराठी चित्रपट अधिकृत डिस्कवर ठेवावेत, आणि डीव्हीडी प्लेयर बिघडला तर दुरुस्त करावा, भंगारात घालू नये. डिस्क उभ्या ठेवाव्यात, त्यांवर चिकटपट्टी लावू नये, पावसाळ्यात कपाटात दमट हवा साठू देऊ नये. लग्नाच्या, नाटकांच्या आणि गणेशोत्सवाच्या व्हिडिओ कॅसेट ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आधी त्याच डिजिटल करून घ्याव्यात, कारण टेप सीडीपेक्षा लवकर खराब होते आणि ती जगात कुठल्याही ॲपवर मिळणार नाही. हार्ड डिस्कवर उतरवली तर दोन प्रती करून एक दुसऱ्या घरी ठेवावी.

मंडळाच्या पातळीवर दोन कामे होऊ शकतात. सभासदांकडच्या मराठी डिस्कची यादी करून आपसात देवघेव सुरू करता येईल. सभागृहात सर्वांसाठी चित्रपट दाखवायचा असेल, तर मात्र हक्कदाराची परवानगी लागते. घरी आणलेली डीव्हीडी त्यासाठी पुरत नाही. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षे असतो. त्या हिशेबाने 1936 चा 'संत तुकाराम' आणि 1953 चा 'श्यामची आई' या मुदतीपलीकडे गेले आहेत, तरी चांगली प्रत मिळवताना ती कुणाकडून घेतली याची नोंद ठेवावी. दुसरे काम म्हणजे 'तंबाकू चाकिला ऊब आली'च्या हक्कदारांना मंडळाच्या नावाने पत्र लिहून गावासाठी एक प्रत आणि ती दाखवण्याची परवानगी मागणे. पत्राचा मसुदा पुढच्या बैठकीत ठेवू. वखारीत काम केलेल्या आज्या ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी तोवर त्यांना या चित्रपटाबद्दल विचारून यावे.