हौशी कोण आणि काठावर कोण? खुल्या पाण्यातील शर्यतींचा अर्धवट सांगितलेला इतिहास

१/
शिरूर तालुक्यातील न्हावरे हे गाव दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले आहे. उत्तरेस घोड, दक्षिणेस भीमा. गावाची ओळख घोडगंगा साखर कारखान्यामुळे झाली. तालुक्याच्या गावाला तर जुनी माणसे आजही ‘घोडनदी’च म्हणतात. याच तालुक्यात चिंचणीला घोड धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. एवढे पाणी उशाशी असलेल्या मुलाला किंवा मुलीला खुल्या पाण्यातील शर्यतीत उतरायचे असेल, तर त्यांनी जायचे कुठे? प्रश्न क्रीडेचा दिसतो. त्याची मुळे मात्र इतिहासात आहेत.

२/
या विषयावर समाजमाध्यमांत दोन मते हमखास आढळतात. पहिले : पोहण्याची शर्यत ही इंग्रजांची देणगी, आपल्याकडे असले काही नव्हते. दुसरे नेमके उलट : आपल्याकडे पोरगे विहिरीत ढकलले की पोहायला शिकत असे, सारा गाव पट्टीचा पोहणारा होता, शर्यती ही शहरी लोकांची नवी फॅशन. दोन्ही मते मोठ्या आत्मविश्वासाने मांडली जातात. दोन्ही चुकीची आहेत, आणि दुसरे अधिक घातक आहे.

३/
आधी पहिले मत. युरोपला वेगाने पोहणे उपजतच येत होते, हा समज कागदपत्रांपुढे टिकत नाही. १८४४ मध्ये लंडनला उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे जमातीच्या दोन तरुणांनी हात पाण्याबाहेर फेकत पोहून दाखवले. वेग डोळ्यांसमोर असूनही ही रीत इंग्रजांना रानटी वाटली आणि त्यांनी आपले बेडकासारखे पोहणे सोडले नाही. १८७५ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी २१ तास ४५ मिनिटांत पार केली, तीही त्याच संथ पद्धतीने. ज्याला आज ‘फ्रीस्टाइल’ म्हणतात, त्याची घडण अमेरिकेतील मूलनिवासी आणि पॅसिफिक बेटांवरील लोकांकडून शिकून झाली. म्हणजे देणगी असलीच, तर ती लंडनहून निघालेली नव्हे.

४/
आणि आखीव, निळ्या फरशीचा तलाव हाच या खेळातला खरा नवखा. (मराठीत सरोवरही ‘तलाव’ आणि स्विमिंग पूलही ‘तलाव’, या एका शब्दाने बराच घोळ घातला आहे.) १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधील पोहण्याच्या शर्यती पिरियसजवळ उघड्या समुद्रात झाल्या. पाणी सुमारे १३ अंश सेल्सिअस. १०० आणि १२०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकणारा हंगेरीचा आल्फ्रेड हायोश अंगाला चरबी फासून उतरला होता. तो तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडून वारले. त्यानंतर तो पोहायला शिकला.

५/
१९०० च्या शर्यती सीन नदीत झाल्या, १९०४ च्या कृत्रिम सरोवरात, १९१२ च्या स्टॉकहोमच्या खाडीत. दोऱ्यांनी मार्गिका आखलेला ५० मीटरचा तलाव १९२४ मध्ये आला. पुढे ऑलिम्पिकने खुल्या पाण्याकडे पाठ फिरवली, ती थेट २००८ पर्यंत. त्या वर्षी बीजिंगमध्ये १० किलोमीटरची शर्यत पुन्हा सरोवरात झाली आणि पुरुषांत ती रक्ताच्या कर्करोगातून उठलेल्या मार्टेन फान डेर वेइडेनने जिंकली.

६/
आता दुसरे मत. महाराष्ट्रात पोहण्याची परंपरा होती, यात शंका नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात जलक्रीडा हा राजाच्या विनोदांपैकी एक सांगितला आहे. मात्र ती क्रीडा आहे, शर्यत नव्हे. आणि ती राजाची आहे, रयतेची नव्हे. नदी ओलांडता येणे हे लष्करी कसबही होते. २५ ऑक्टोबर १७६० रोजी अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. त्यात त्याचे कित्येक लोक वाहून गेले, पण सैन्य पार झाले आणि पानिपतचा पट फिरला.

७/
गावपातळीवर शिकवण्याची रीतही होती. कमरेला पांगाऱ्याचा बिंडा किंवा वाळलेला भोपळा, पुढे पुढे पत्र्याचा रिकामा डबा. दोरी धरून काठावर काका किंवा मोठा भाऊ. आठ-पंधरा दिवसांत डबा सुटे. मग सूर, मुटका, तळाची माती आणून दाखवण्याची पैज. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी भर पावसाळ्यात कृष्णेच्या दिशेने धावले, तेव्हा त्यांच्या हिशेबात नदी ही भिंत नव्हती, वाट होती. त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. वसंतदादांना गोळी लागली.

८/
इथवरचा इतिहास अभिमानाने सांगितला जातो. याच्या पुढचा सांगितला जात नाही. ‘सारा गाव’ विहिरीत शिकत असे, म्हणजे नेमका कोण? विहीर कोणाच्या तरी मळ्यात असे. तिच्या पायऱ्या उतरण्याचा हक्क जातीने ठरे. ज्याची विहीर, त्याचाच सूर. ज्यांना पाण्याला स्पर्श करण्याचीच बंदी होती, त्यांच्या मुलांना काठावरून ढकलून पोहायला कोण शिकवणार होते?

९/
४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला : सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा परतणाऱ्यांवर हल्ले झाले आणि तळे शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ करण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे. त्या काळात सगळी मुले विहिरीत हसत-खेळत पोहायला शिकत होती असे लिहिणाऱ्याने इतिहास लिहिलेला नाही, स्वतःच्या वाड्याची आठवण लिहिली आहे.

१०/
स्त्रियांचेही तेच. घाटावर धुणे त्यांचे, डोहातून घागरी भरणे त्यांचे. सूर मात्र मुलांचा. आयुष्य पाण्याच्या काठाशी आणि पाणी गळ्याशी आले तर हात मारता येत नाही, ही स्थिती निसर्गाने आणलेली नव्हती. मोकळीक मिळाली तेव्हा काय झाले, तेही नोंदलेले आहे. ६ ऑगस्ट १९२६ रोजी गर्ट्रूड एडर्लीने इंग्लिश खाडी पार केली, तिच्या आधीच्या पाचही पुरुषांपेक्षा कमी वेळात. २९ सप्टेंबर १९५९ रोजी कोलकात्याच्या आरती साहा हिने तीच खाडी पार केली, आशियातील पहिली स्त्री म्हणून. १९९४ मध्ये मुंबईची रूपाली रेपाळे अवघ्या बाराव्या वर्षी त्या खाडीत उतरली आणि पलीकडे पोहोचली.

११/
पाण्यावर रेघ ओढण्याचा उद्योग केवळ इथलाच नव्हे. २७ जुलै १९१९ रोजी शिकागोत मिशिगन सरोवरात यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यासह तरंगत गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या भागात गेला. पाण्यावर रेघ नव्हतीच. ती काठावरच्यांच्या डोक्यात होती. दगड मारले गेले, मुलगा बुडाला, आणि त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली. इकडे मुंबईत ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव युरोपीयांसाठी राखीव होता. युनियन जॅक उतरल्यावरही काही वर्षे ती रीत तशीच चालली.

१२/
अशा बंदीचा परिणाम बंदी उठल्यावर संपत नाही, हा या साऱ्यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ज्या आईबापांना पोहता येत नाही, ते भीतीपोटी मुलाला पाण्यापासून दूर ठेवतात. ते मूलही शिकत नाही. पुढे त्याचे मूलही. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांचे बुडून मरण्याचे प्रमाण आजही गोऱ्या मुलांपेक्षा अधिक आहे. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांनुसार वर्षाला तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. ‘पट्टीचा पोहणाराच बुडतो’ ही म्हण काठावर बसलेल्यांनी स्वतःच्या समाधानासाठी जपली आहे. बुडतात ते मुख्यतः न शिकलेले.

१३/
आता ‘हौशी’ या शब्दाकडे. आपल्या जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे असे तिघे येतात; त्यात हौशा हा निरुपद्रवी प्राणी. इंग्लंडमधला ‘अमॅच्युअर’ तसा नव्हता. १८७९ च्या हेन्ली नौकाशर्यतीच्या नियमांनी हौशी खेळाडूची व्याख्या करताना मजुरीवर काम करणारे कारागीर आणि मजूर थेट वगळले. पैसे घेऊन पोहणाऱ्याला, इतकेच काय पैसे घेऊन पोहायला शिकवणाऱ्यालाही पोहण्याच्या हौशी संघटनेत ‘धंदेवाईक’ ठरवले जाई. पैशाविना खेळ ही उदात्त कल्पना म्हणून मिरवली गेली. प्रत्यक्षात ती दारावरची कडी होती. ज्याला पोट भरायचे आहे त्याला हौस परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणून तो हौशी नाही. खुद्द वेब खाडी पार करून जगप्रसिद्ध झाला, पण चरितार्थासाठी पैजा मारत राहिला आणि २४ जुलै १८८३ रोजी नायगाऱ्याच्या खालच्या भोवऱ्यांत मेला.

१४/
ते नियम गेले. कडी मात्र रूप बदलून राहिली. आजच्या महाराष्ट्रातील खुल्या पाण्यातील पोहणे कमी प्रतीचे नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी शर्यती भरतात. संक्रॉक ते गेटवे आणि धरमतर ते गेटवे हे मार्ग तर या खेळाची वारीच झाले आहेत, दुसरा सुमारे ३६ किलोमीटरचा. पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून ‘ओशन्स सेव्हन’ पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. मुंबईचा प्रभात कोळी २०२३ मध्ये त्याच यादीत गेला. पण शिडी पाहावी : आधी शहरातला तलाव, मग प्रशिक्षक, मग समुद्रकिनारा. धरणाकाठच्या गावाला या शिडीची पहिली पायरीच नाही.

१५/
ही अवस्था अटळ नाही. बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात भागीरथीत ८१ किलोमीटरची शर्यत भरते आणि दोन्ही काठांवर गावेच्या गावे लोटतात. नदी तिथली, प्रेक्षक तिथले. जो खेळ आजीने काठावरून पाहिला, तो नातवाला परका वाटत नाही.

१६/
इथे आक्षेप येतो : धरणात पोहणे धोक्याचे. शंभर टक्के खरे. गोडे पाणी समुद्राएवढे उचलून धरत नाही. वरचा थर कोमट असतो, हातभर खाली अंग आखडणारा गारवा. तळाशी बुडालेली झाडे, मासेमारीची जाळी, वाळूउपशाचे खड्डे, आणि सांडव्याजवळची ओढ. तलावात भिंत दर ५० मीटरला येते; जलाशयात मान वर काढून दिशा न पाहिल्यास माणूस भलतीकडे जातो. मोठ्या स्पर्धांतही चूक जीव घेते. २३ ऑक्टोबर २०१० रोजी फुजैराच्या १० किलोमीटर शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन तप्त पाण्यात बुडाला आणि तो नाहीसा झाल्याचे वेळेवर कोणाच्या लक्षातही आले नाही. त्यानंतर पाण्याच्या कमाल तापमानाची ३१ अंशांची मर्यादा नियमांत आली.

१७/
पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष काय? आपल्याकडे निघतो तो एकच : ‘पोहण्यास सक्त मनाई’ असा फलक. फलक ठोकला की गंगेत घोडे न्हाले. मुले फलकाच्या पलीकडून उतरतात. फरक इतकाच, की तेव्हा तिथे दोरी नसते, नाव नसते, शिट्टी नसते. नीट भरवलेल्या शर्यतीत यातले सगळे असते : क्रमांकाची रंगीत टोपी, तरंगत्या बोयांनी आखलेला मार्ग, बाजूने चालणाऱ्या होड्या, उतरलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रत्येकाची मोजदाद. जलाशयाचा सर्वांत सुरक्षित दिवस हा शर्यतीचा दिवस असतो.

१८/
भीमेबाबत अडचण वेगळी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा याच पट्ट्यात भीमेला मिळते. पुढे जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसतो. तिथे कोणाला उतरा म्हणणे गुन्हाच. मात्र पॅरिसचे उदाहरण पाहावे. सीनमध्ये पोहण्यावर १९२३ पासून बंदी होती. २०२४ च्या ऑलिम्पिक शर्यतींसाठी अब्जावधी रुपये ओतले गेले. तरीही पाणी वाईट म्हणून ट्रायथलॉन पुढे ढकलावी लागली आणि जगाने नाके मुरडली. पण जुलै २०२५ मध्ये त्याच नदीत सामान्य नागरिकांसाठी पोहण्याच्या जागा उघडल्या. नदी शुद्ध करा, या मागणीला शर्यतीने एक तारीख दिली. भीमेच्या शुद्धीकरणाला अशी तारीख कोणी दिलेली नाही.

१९/
घोडचा जलाशय सार्वजनिक पैशातून बांधलेला आहे. १९२३ च्या ठरावाची भाषा वापरायची, तर तो सार्वजनिक पाणवठा आहे. पावसाळा ओसरल्यावर भरलेल्या पाण्यात दोरीने आखलेला उथळ भाग, शिकवणारी दोन माणसे, आणि वर्षातून एकदा पाचशे मीटर, एक किलोमीटर व तीन किलोमीटरची शर्यत : एवढ्यासाठी ना निळी फरशी लागते, ना समुद्र.

२०/
आणि प्रवेशअर्जावर ‘हौशी’ म्हणून कोणाचे नाव येते, ते तेव्हा पाहावे. ऊसपट्ट्यात गाळपाच्या हंगामात पाटाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. दिवसभर आईबाप फडात, लहानगी पाण्याच्या काठाशी. १८७९ च्या नियमाने त्या मुलांचे आईबाप ‘मजूर’ म्हणून शर्यतीबाहेर गेले असते. आजचा कोणताही नियम त्यांच्या मुलांना अडवत नाही. फक्त त्यांना कोणी बोलावलेले नाही.