लांडग्याच्या पोटात मोहरा

लांडगा मारला की त्याच्या पोटातून सोन्याच्या मोहरा पडतात, असले गेम माझा पुतण्या दिवसभर खेळतो. मला ते पटत नाही. मी खामगावचा, इथे चांदी मोडायला गेलं तरी घट कापूनच पैसे हातात येतात. आईचे तोडे मोडून फवारणीचा पंप घेतला, तेव्हा सराफाच्या काट्यावरून माझी नजर हलली नव्हती.

म्हणून मला २०१८चा ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हा गेम आवडतो. १४०३ सालातलं बोहेमिया, नायक लोहाराचा पोरगा, खिसा रिकामा. तलवारीची धार जाते, दुकानदाराच्या गल्ल्यात मोजकेच पैसे, चोरीचा माल सहज खपत नाही. चांगला भाव हवा तर घासाघीस करावीच लागते.

पुतण्या म्हणतो, "काका, हे तर कामच झालं!"

मग? चिलखत अंगावर चढेपर्यंत माझ्या चार रात्री गेल्या. पहिल्याच मारामारीत ते चेपलं.