सशाचा कान

कोल्हापुरात म्हशीचं दुखणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिनं रवंथ थांबवला की गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगेल, पोटात काहीतरी बिघडलंय. १९६३ पासून गोकुळ दूध संघावर संसार चालवणारा हा जिल्हा. शहरातही गंगावेशीत समोर धार काढलेलं दूध मिळतं. अशा गावात आमच्या भुऱ्याचा, म्हणजे सशाचा, कान दुखायला लागला आणि ज्याला त्याला विचारलं तर उत्तर एकच: "सशाचं काय माहीत नाही बघा."

ससा दुखणं लपवतो. कोल्ह्याच्या, घारीच्या तावडीतून जगत आलेली ही जात. कण्हणारा ससा आधी उचलला जाणार, म्हणून तो कण्हतच नाही. बघणाऱ्यानं बारीक खुणा धरायच्या: सारखी मान झटकणं, मागच्या पायानं कान खाजवणं, कोपऱ्यात अंग चोरून बसणं, दात करकर वाजवणं. भुऱ्याचा डावा कान खालीच पडलेला असायचा. बॅटरी लावून पाहिलं, तर आत तपकिरी पापुद्र्यांचे थर साचले होते.

ते बघून कुणालाही वाटतं, कापसानं काढून टाकावं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं, तर त्यांनी पहिलं वाक्य तेच उच्चारलं, "वहिनी, खपली ओढायची नाही." कानातल्या सूक्ष्म किडींनी, सोरोप्टेस त्यांचं नाव, कातडी सोललेली असते. खपली ओढली की जिवंत मांस उघडं पडतं. किडी मेल्या की ती आपोआप गळते. त्यावरचं आयव्हरमेक्टिन हे औषध म्हशीच्या खरजेवर द्यायचं तेच, ते खेडोपाडीच्या प्रत्येक पशुवैद्याच्या बॅगेत असतं. फरक मापाचा. मोठ्या म्हशीला नऊ-दहा मिली लागतं, तिथं दोन किलोच्या सशाला मिलीचा दहावा भागसुद्धा जास्त होतो. म्हणून आधी वजन, मग औषध, आणि तेही डॉक्टरांच्याच हातून. अंड्यांतून नव्या किडी निघत राहतात, म्हणून डोस ठरावीक दिवसांनी पुन्हा द्यायचा. तोवर अंथरूण उकळत्या पाण्यातून काढायचं, पिंजरा घासायचा, कारण या किडी जनावराबाहेरही काही आठवडे जगतात. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा मात्र सशावर कधीही मारू नये. त्यानं ससे दगावतात.

दुसरा धोका घरातल्या औषधांच्या डब्यात असतो. शेजारच्या काकू नातवाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सरबत घेऊन आल्या. "लहान लेकरांना देतात की, याला काय होतंय?" त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण ससा गवतावर जगतो तो पोटातल्या जंतूंच्या जिवावर. पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध तोंडावाटे गेलं की ते उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि कान बरा व्हायच्या आधी ससा जातो. क्लिंडामायसिनचंही तेच. सशाला एन्रोफ्लॉक्सासिनसारखी वेगळी औषधं चालतात, तीही डॉक्टरांनी ठरवल्यावर. माणसांचे कानात घालायचे थेंबही नकोत. त्यांतल्या बऱ्याच औषधांत स्टिरॉइड असतं आणि ते सशाला सोसत नाही.

सगळ्यात जास्त जीव गुंतला तो खाण्यात. कान ठणकतो म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडं थांबतं, आणि थांबलेलं आतडं कानापेक्षा लवकर जीव घेतं. अर्धा दिवस ससा खाल्ल्याविना राहिला, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठावा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे उपाशी ठेवून पोट साफ करण्याचा आपला घरगुती इलाज इथं उलटा पडतो. वैरणवाल्या मामांनी दूर्वा आणि कोवळं गवत आणून दिलं. "लसूणघास कमी घाला," हेही त्यांनीच सांगितलं, आणि डॉक्टरांनी मान डोलावली. तोंड लावेना तेव्हा भिजवलेल्या खाद्याची पेज सिरिंजनं गालाच्या कडेनं, थेंब-थेंब. टॉवेलात गुंडाळताना मागचे पाय हातानं आधारायचे. घाबरून जोरात लाथ मारली तर सशाचा स्वतःचा कणाच मोडू शकतो.

पुढं मान डावीकडं कलली. दुखणं आतल्या कानात उतरलं होतं. डोळे फिरायचे, उठायला गेला की लोळण घ्यायचा. गुंडाळलेल्या टॉवेलांची तटबंदी करून त्याला मधे ठेवलं. अशी मान पाश्चुरेला जंतूंनी कलते तशी मेंदूपर्यंत जाणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीनंही कलते, म्हणून तपासणीवाचून औषध नाही. सशाचा पूही दह्यासारखा घट्ट, तो सहजासहजी वाहून जात नाही. त्यामुळे उपचार आठवड्यांचे. इथं कितीतरी लोक हार मानतात, "झोपवून टाका" म्हणतात. माझं म्हणणं, खात असेल तर थांबा. कललेल्या मानेनं ससे वर्षानुवर्षं जगतात.

भुऱ्याची मान अजून थोडी वाकडी आहे. कोल्हापूरच्या पावसात फरशीला ओल धरते, म्हणून त्याच्याखाली कोरडं पोतं बदलत राहतो. दर रविवारी वजन होतं, बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले जातात. सोमवारी डॉक्टरांकडं जायचंय, उजव्या कानाचीही एकदा तपासणी करून घ्यायला.