भावी गिऱ्हाइकाचा हॉल

आमच्या हॉलला गेरूचा रंग द्यायचा ठरलाय, ही बातमी रंगाच्या डब्यांच्या आधी सोसायटीत पोचली. आमचे सेक्रेटरी (लिफ्टमधून सायकल नेण्याविरुद्ध ठराव आणणारे) दारातूनच म्हणाले, "ताई, फ्लॅट विकायचा वगैरे विचार नाही ना?" नाही म्हटलं. "मग ठीक आहे. असल्या रंगात गिऱ्हाईक उभं राहत नाही."

पेंटरनं मधला मार्ग सुचवला. "एकच भिंत करू मॅडम, हायलाइट. बाकीच्या तीन ऑफव्हाइट." ही हायलाइट भिंत म्हणजे मध्यमवर्गीय धाडसाची कमाल मर्यादा. ती बहुतेक घरांत टीव्हीच्या मागे असते. म्हणजे घरातला एकुलता एक रंग अशा जागी, जिथे सगळे तोंड करून बसतात आणि बघतात भलतंच. मी म्हटलं, चारही भिंती. त्यानं माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पेपरात डोकं घातलं.

पेंटरची कुरकुर अगदीच उगाच नव्हती. पांढऱ्या रंगाला झाकण्याची ताकद येते ती टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. गडद शेडसाठी दुकानदार मशीनखाली जो बेस ठेवतो, त्यात तो फारच कमी असतो. म्हणून भडक लाल-पिवळ्याखालून जुनी भिंत डोकावत राहते, प्रायमरमध्येही थोडा रंग घालावा लागतो, एखादा हात वाढतो आणि बिलही. गेरू त्यातल्या त्यात गुणी. त्याच्या मुळाशी लोहाचा ऑक्साइड, आणि तो झाकायला पक्का. फिनिश मात्र मॅट घ्यावा. चकचकीत घेतला तर पुट्टीखाली दडवलेली बिल्डरची सगळी पापं उजेडात येतात.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता. "आपल्याकडे नसतात गं असे रंग." दिवाळीच्या आधी तुळशीवृंदावनाला गेरूचा हात देणाऱ्या सासूबाई हे म्हणाल्या, आणि तेही डाळिंबी लुगड्यात! डहाणू-तलासरीकडे वारली घरांत गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहितात. पणजीत फोंतेन्यासमध्ये फिरा, पिवळी, तांबडी, निळी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि एकालाही संकोच नाही. आपल्याकडे रंग भरपूर आहेत. ते अंगावर चालतात, देवघरात चालतात, मांडवात चालतात. हॉलच्या भिंतीवर आले की घरातल्यांचे चेहरे पांढरे पडतात.

कारण तिथे तो गिऱ्हाईक येऊन बसतो. सेक्रेटरी गेल्यापासून माझ्या डोक्यातून तो जात नाही. या माणसाला आम्ही कधी पाहिलेलं नाही, पण आमच्या घरात सगळं त्याच्या मर्जीनं चालतं. भिंतीत पुस्तकांचं कपाट करायचं होतं, तर "पुढच्याला नको असलं तर?" बाल्कनीत मुलांसाठी झोपाळ्याचे हूक ठोकायचे होते, तर "छताला तडा गेला तर भाव पडतो." एका मैत्रिणीकडे स्वयंपाकघर आणि बेडरूमची अदलाबदल करून ऐसपैस ओटा होणार होता. तोही याच गृहस्थानं हाणून पाडला, कारण त्याला म्हणे वास्तुशास्त्र लागतं. हप्ते आम्ही भरायचे, मेंटेनन्स आम्ही भरायचा, गळतीसाठी वरच्या मजल्याशी भांडायचं आम्ही, आणि आवडनिवड त्याची.

बरं, तो खरोखर येतो तेव्हा काय करतो? आमच्या शेजारच्या विंगमध्ये एका जोडप्यानं उभा संसार ऑफव्हाइट भिंतींत काढला. खिळासुद्धा जपून ठोकला. फ्लॅट विकला. नव्या मालकानं पहिल्याच आठवड्यात फरशी उखडली, ओटा फोडला, मधली भिंत पाडली. जिथे आधीच्यांनी मुलाला पेन्सिलनं उंचीच्या खुणा करू दिल्या नव्हत्या, ती भिंत राबिटाच्या गोण्यांत भरून खाली गेली. रंगाकडे त्यानं पाहिलंही नसावं.

म्हणून ज्यांना गडद, उबदार रंगाचा मोह होतोय आणि धीर होत नाही, त्यांच्यासाठी एवढंच. शेडकार्डावरच्या टिकलीएवढ्या चौकोनावरून काही ठरवू नका. नमुन्याचा छोटा डबा आणा, भिंतीवर दोन हात लांबरुंद तुकडा रंगवा, दुपारी बघा आणि रात्रीही बघा. पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली गेरू मरगळतो, तेव्हा आधी पिवळसर दिवे लावा. मग आवडला, तर चारही भिंतींना द्या. छत तेवढं पांढरं राहू द्या.