होडीचे घर

ग्रीस देशातील मिलोस बेटावर क्लिमा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. घरे अगदी पाण्यालगत. खाली होडी, वर माणसे. तेथील लाल, निळे, पिवळे दरवाजे पाहून प्रवासी हरखून जातात. पण ते रुंद दरवाजे हिवाळ्यातील वादळांत होडी आत ओढून घेण्यासाठी केलेले! आज कित्येक घरांत होडीच्या जागी प्रवाशांचे पलंग आले आहेत. कोळ्यांना मी दोष देत नाही. मासळी घटली, पाहुण्यांचे भाडे मात्र उन्हाळाभर मिळते. मला खटकते ते निराळेच. मासेमारी कमी व्हावी म्हणून १९९० नंतर युरोपीय संघाने परवाना सोडणाऱ्यांना पैसे दिले आणि त्या देशात हजारो लाकडी होड्या मोडल्या गेल्या. परवाना खुशाल घ्यावा. पण होडी का मोडावी? मुलांनो, ती घडविणारे सुतार आता तेथे थोडेच उरले आहेत.