संगणक शाळेत आला, पण कळफलक कुणाच्या हातात?

पोराला औत धरायला तुम्ही कसं शिकवलंत? कासरा हातात दिलात आणि बाजूनं चालत राहिलात. तास वाकडा गेला तर "मागं वळून बघ" म्हणालात. औत काही काढून घेतलं नाही. मग संगणक आणि निबंध शिकवताना हीच रीत आपण का सोडतो?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून देणे, शिकवायचे ठरवले. आता गावोगावी संगणक येतील, तालुक्याला क्लासही निघतील. पण गुरुजी बटणे दाबतात आणि पोरं मागं उभी राहून बघतात, अशाने काही पदरात पडत नाही.

अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. तिच्यात पडद्यावरच्या कासवाला आज्ञा द्यायची : १०० पावले पुढे जा, ९० अंशात वळ. चारदा केले की चौकोन. आता समभुज त्रिकोण काढायचा. कोन ६० अंशाचा, म्हणून पोरं ६० लिहितात आणि आकृती उघडी राहते. गुरुजींनी "१२० लिही" म्हटले की त्रिकोण झाला, पण डोक्यात काही शिरले नाही. त्याऐवजी मैदानात फक्कीनं त्रिकोण आखा आणि पोराला त्यावरून चालायला लावा. कोपऱ्यावर आपण किती वळलो, हे त्याचं त्यालाच कळेल.

लिखाणाचंही तसंच. गाईडातला 'माझा आवडता ऋतू' उतरवून गुण मिळतात, लिहिता येत नाही. त्यापेक्षा वस्तीवरच्या बंद नळाबद्दल ग्रामपंचायतीला अर्ज लिहायला सांगा. शेजारच्या पोरानं तो वाचून विचारावं, "कुठला नळ? कधीपासून बंद?" मग अर्ज पुन्हा लिहायचा. चूक ज्याची त्यानं सुधारायची. गुरुजींनी लाल शाईऐवजी प्रश्न वापरायचा.

एका संगणकावर दोघे बसले तरी चालते, उलट बरेच. एकानं लिहावं, दुसऱ्यानं तपासावं. मात्र चलाख पोरगा कळफलक सोडत नाही आणि पोरी कडेला राहतात, म्हणून ठरावीक वेळानं जागा बदलल्याच पाहिजेत.

एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असताना हे जमायचं कसं, असं तुम्ही म्हणाल. अडचण खरी आहे. पण मुलं एकमेकांना शिकवू लागली तर अशाच शाळेला त्याचा जास्त फायदा. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी मुलांना स्वतः करून शिकू दिलं, आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेव्हा पुढच्या बैठकीत संगणक किती आले एवढंच विचारून उठू नका. प्रत्येक मुलाचा हात आठवड्यात किती वेळ कळफलकावर असतो ते विचारा. एका तरी मुलाच्या वहीतलं पहिलं आणि सुधारलेलं लिखाण बघायला मागा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही संगणकाला निधी देताना हेच विचारावं. नाहीतर संगणक कुलपात राहील आणि पोरगं क्लासची फी भरत बसेल.