सावली कुणासाठी?

उन्हाळा तापला की बाजारात हिरव्या जाळीचे गठ्ठे दिसू लागतात. घरोघरी खरेदी होते आणि पहिली जाळी बांधली जाते ती गाडीवर. रंग उडायला नको ना! उरलेला तुकडा कुंड्यांवर. ज्या परसात घरातली बाई भर दुपारी भांडी घासते, धुणं धुते, तिथे मात्र रखरखीत ऊन. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हाही!

मैत्रिणींनो, यंदा पहिली जाळी आपल्या कामाच्या जागेवर बांधा. दुकानात ३५, ५०, ७५, ९० टक्के असे प्रकार मिळतात. आकडा म्हणजे जाळी किती ऊन अडवते ते. कुंड्यांना ५० पुरे. माणसांनी बसायचं तर ७५ किंवा ९० घ्या. ताडपत्रीखाली कोंडतं, पाऊस आला तर वर पाणी साचतं. जाळीतून वारा खेळतो. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून ती बाजू उतरती ठेवा. काठ दुमडून शिवा, त्यात नायलॉनची दोरी ओवा आणि भिंतीतल्या पक्क्या हुकांना ताणून बांधा. पाइपाला किंवा विजेच्या खांबाला मुळीच नको. वळवाचं वादळ दिसलं की झटकन सुटावी म्हणून सुरगाठ मारा. पापड-कुरडयांपुरता कोपरा उघडा असू द्या.

"दोन-तीन महिन्यांसाठी कशाला खर्च?" असं घरात कुणी विचारलंच, तर वाद घालू नका. एक दुपार त्यांनाच भांडी घासायला बसवा. जाळी संध्याकाळीच घरी येईल!